त्या एका पानावरची खिडकी

बाळ सहा महिन्यांचं असताना मी पुनावळ्याच्या फ्लॅटमधूनच काम सुरू केलं. नवरा चाकणला शिफ्टमध्ये. समोर नवी इमारत उठत होती, धुळीमुळे गॅलरीचं दारही लावलेलं. दिवसभर मी, बाळ आणि लॅपटॉप.

भोसरीतल्या एका पंप कारखान्याची वेबसाइट मी सांभाळायचे. मालकांच्या हौसेखातर तिच्यावर चॅटची खिडकी बसवली होती. कोपऱ्यात ‘नमस्कार, काय मदत हवी?’ असं उगवायचं, आणि कुणी काही लिहिलं की माझा फोन वाजायचा. खिडकीची स्क्रिप्ट, म्हणजे ती चालवणारा कोड, सगळ्या पानांच्या सामायिक भागात टाकलेली, म्हणून कुठलंही पान उघडा, ती हजर. नोकरी मागणारे, रस्ता चुकलेले, नुसतेच ‘हाय’ लिहिणारे. प्रत्येकाला लगेच उत्तर हवं. बाळ दचकून उठायचं आणि मला रडू यायचं.

त्यातच एक काका होते. ‘आमची वाटचाल’ या पानावर कारखान्याच्या जुन्या शेडचा फोटो होता. दुपारी तिथून मेसेज यायचा, “हाय का कुणी?”

चाकणजवळच्या गावातले, त्याच शेडमध्ये लेथवर टर्नर होते. “फोटोत कडंला उभा हाय तो मीच,” त्यांनी लिहिलं होतं. गुडघे गेलेले. एकदा हायवेच्या कडेला पडले, तेव्हापासून मुलगा-सून कामाला जाताना बाहेरून कडी लावून जायचे. मी ‘हो काका’, ‘बरं काका’ करून सुटका करून घ्यायचे.

एक दिवस मालकांचा फोन आला. “मॅडम, साइट फार हळू उघडते. ती खिडकी फक्त पंपांच्या पानांवर ठेवा.”

मला सुटल्यासारखं झालं. पान पंपाचं असेल तरच स्क्रिप्ट लोड होईल, अशी अट मी लगेच लिहिली. फोन शांत झाला. बाळ सलग झोपू लागलं.

काही दिवसांनी पाणबुडी पंपाच्या पानावरून मेसेज आला. “पंप नको. तुमीच हाय का?”

“हो काका, मीच.”

“तिकडली खिडकी कुटं गेली? समदी साइट हुडकली. काढून टाकली व्हय?”

“मालकांनी सांगितलं. आणि फोन वाजला की माझं बाळ उठतं.”

“तुमी बी घरातच का?”

“हो. दिवसभर,” मी लिहिलं. हे मी कुणाला पहिल्यांदाच सांगत होते.

“मंग कळतंय तुमाला,” एवढंच उत्तर आलं.

काकांच्या पानावर खिडकी परत ठेवू का, असं संध्याकाळी मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, “एका माणसासाठी कशाला?” “तुमच्या जुन्या शेडच्या फोटोत आहेत ते,” मी म्हणाले. मग ते म्हणाले, “ठेवा. पण त्यांचे मेसेज तुम्हीच बघायचे.” अटीत मी ‘आमची वाटचाल’ या पानाचं नाव घातलं. तिथल्या मेसेजचा आवाज मात्र बंद केला.

काकांची कडी काही निघाली नाही, आणि माझंही दार बंदच राहिलं. कधी कधी त्यांचा मेसेज बघून वैताग यायचा. चार वाजले तरी आला नाही, की जीव थाऱ्यावर नसायचा.

बाळ रांगायला लागलं तसं दारापाशी जाऊन दोन्ही हातांनी दार बडवायचं. मी हे काकांना गंमत म्हणून लिहिलं. त्यांचं उत्तर आलं,

“पोरी, त्याला भाईर ने. आजच ने.”

लिफ्ट बंद होती. बाळाला कडेवर घेऊन मी जिना उतरले. खाली सोसायटीत टँकर रिकामा होत होता, पाइपाच्या सांध्यातून पाणी उडत होतं. बाळ तोंड उघडं टाकून बघत राहिलं.