थरथर सावरणारी लेन्स

सुनेच्या डोहाळजेवणाचे मी शंभरावर फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी वारज्याला मुलाच्या कॉम्प्युटरवर ते मोठे करून पाहिले, तर दहा-बारा सोडून सगळे हललेले. फुलांच्या झोपाळ्यावर बसलेल्या सुनेला दोन दोन नाकं. ओटी भरणाऱ्या विहीणबाईंचा हात म्हणजे नुसतं हिरवं धुकं, त्या बांगड्या होत्या. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर हेच फोटो आदल्या संध्याकाळी लख्ख दिसले होते, आणि ते दाखवत मी सगळ्या बायकांमधून मिरवले होते.  

तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. बँकेत कॉम्प्युटर आले, पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, आणि मी ती घेऊन नारायण पेठेत घरी बसले. बसले म्हणजे काय, फोटो काढून काढून पेठेला सळो की पळो करून सोडलं. मुलगा आयटीतला. कंपनीने त्याला सहा महिने अमेरिकेला पाठवलं होतं, तिथून येताना त्याने माझ्यासाठी कॅमेरा आणला. त्याच्याबरोबर आलेली लेन्स आठ दिवसांत माझ्या मनातून उतरली. गाण्याच्या कार्यक्रमात पाचव्या रांगेतून गायिका मुंगीएवढी येई. मला एकच लेन्स हवी होती, जी स्वयंपाकघरात ओट्याच्या दोन्ही कडा मावतील इतकी रुंद बघेल आणि सभागृहात गायिकेच्या नथीपर्यंत पोचेल. कार्यक्रम चालू असताना मांडीवर लेन्सा बदलत बसायला मी काही पेपरची फोटोग्राफर नव्हते.

तर मी तीन आठवडे जवळच्या एका दुकानात रोज जाऊन चौकशी केली. दुकानदार साठीचे, चष्मा कपाळावर.

“घरात, बाहेर, सगळीकडे चालेल अशी एकच द्या. सारखी बदलायला मला वेळ नाही,” मी म्हणाले.

“वेळ नाही आणि रोज येता,” ते म्हणाले आणि दोन लेन्सा काउंटरवर ठेवल्या.

एक जाडजूड, तोंड मोठं, कमी उजेडातही भरपूर प्रकाश आत घेणारी, पण लांबचं आणायला तोकडी. दुसरी अंगाने हलकी, जवळपासून पाचपट लांबपर्यंत जाणारी. तिचं तोंड लहान, म्हणजे प्रकाश कमी. पण तिच्या पोटात एक भिंग असं बसवलेलं की आपला हात खाली गेला तर ते वर सरकतं, हात डावीकडे गेला तर उजवीकडे. त्यांनी मला ती लावून दिली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सांगितलं. बटण अर्धं दाबल्यावर आतून बारीकशी गुणगुण आली आणि डुलणारं कॅलेंडर एकदम शहाण्या मुलासारखं उभं राहिलं. मी कॅमेरा डोळ्यावरून काढून कॅलेंडरकडे पाहिलं. ते आधीही डुलत नव्हतंच. तिथेच मला अक्कल यायला हवी होती.

“हे कुणासाठी असतं?”

“हात हलतो त्यांच्यासाठी.”

“माझा नाही हलत.”

“सगळ्यांचाच हलतो. काहींना कळतं.”

असल्या उत्तराला पुण्यात अपमान म्हणत नाहीत, गिऱ्हाइकाशी बोलणं म्हणतात. मी दुसरी लेन्स घेतली, पण केवळ ती लांब पोचते म्हणून, असं त्यांना बजावून. घरी येऊन माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. बँकेची सवय. त्यात एक ओळ होती की थरथर सावरण्याची ही सोय चालू असेल तर बॅटरी लवकर संपते. झालं. आम्ही खोलीतून दाराकडे वळायच्या आधी पंखा बंद करणारी माणसं. लेन्सच्या अंगावर एक इवलंसं बटण होतं, ते मी बंद केलं आणि चुकून सरकू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली. ज्या गोष्टीसाठी दुप्पट पैसे मोजले ती गोष्ट झिजू नये म्हणून बंद करून ठेवली. टीव्हीच्या रिमोटवर प्लॅस्टिकची पिशवी घालणाऱ्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा करणार. शिवाय मनात असंही होतं की ती सोय म्हणजे भिंगाची काठी, आणि काठी टेकायचं माझं वय नव्हतं.

चिकटपट्टीसकट मी त्या डोहाळजेवणाला गेले. संध्याकाळची वेळ, एक ट्यूबलाइट, आणि फ्लॅश वापरायचा नाही हा माझा बाणा, कारण फ्लॅशने चेहरे भाकरीच्या पिठासारखे पडतात.

आता त्या डोहाळजेवणात मी आणखी एक पराक्रम केला होता. सुनेचं माहेर नागपूरचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण विहीणबाई शाळेत शिकवायच्या, परीक्षा तोंडावर, रजा मिळेना. म्हणून बाळंतपण पुण्यात ठरलं. बाळाला अंघोळ घालायला वारज्यातल्या सोसायटीत एक बाई यायच्या, चांगल्या अनुभवी. सुनेने त्यांना सांगून ठेवायचं काढलं, तेव्हा मी भर सभेत म्हणाले की माझ्या नातवंडाला परक्या हातांनी कशाला, मी आहे ना, चाळीस दिवस मी येईन. विहीणबाईंनी डोळे पुसले. बायकांनी वा वा केली. तेव्हापासून मी झोपेतसुद्धा बाळाला तेल लावत होते. पाय लांब करून पाटावर बसायचं, नडग्यांवर बाळ पालथं, गरम पाण्याची धार. मला दुसरं काही नको होतं.

तर ते हललेले फोटो. मुलाने मला सांगितलं की प्रत्येक फोटोच्या पोटात तो कसा काढला याची नोंद असते. त्याने ती उघडली. शटर इतका वेळ उघडं, आणि पुढे, सावरण्याची सोय बंद. प्रत्येक फोटोत बंद.

“आई, अगं तू हे ऑफ का ठेवलंस?”

मी बॅटरीचं सांगितलं. तो हसला नाही, फक्त कपाळ चोळलं. सून शेजारीच होती. ती सॉफ्टवेअर तपासायची, दोष हुडकणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. ती सगळे फोटो एकेक करून बघत राहिली. नागपूरला तिच्या वडिलांना दाखवण्यासारखे चारच निघाले.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत दुकानात गेले, की बटण बंद ठेवलं तर इतका गोंधळ होतो हे आधी सांगायचं नाही का. दुकानदारांनी ऐकून घेतलं. बटणावरची चिकटपट्टी नखाने काढली आणि बोटावर धरून थोडा वेळ तिच्याकडे बघितलं. मग सोय बंद ठेवूनच त्यांनी त्या कॅलेंडरचा एक फोटो काढला. मग काही न बदलता कॅमेरा माझ्या हातात दिला आणि त्याच जागेवरून काढायला सांगितलं. दोन्ही पडद्यावर मोठे करून दाखवले, तर त्यांच्या फोटोत तिथी वाचता येत होती. माझ्या फोटोत महिनासुद्धा नाही. मी परत काढला. कोपरं अंगाला दाबून, श्वास धरून काढला. पाचव्यांदाही तेच. मग त्यांनी बटण चालू केलं आणि माझ्याच हातून तिथी स्वच्छ आली.

“म्हणजे लेन्समध्ये दोष नाही,” मी म्हणाले.

“लेन्समध्ये नाही,” ते म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. जाताना एक स्टूल माझ्याकडे सरकवून गेले.

मी त्या स्टुलावर बसून माझा उजवा हात पाहिला. छप्पन्न वर्षं रोज पाहिलेला. पसरला की बोटांच्या टोकांना बारीक कंप होता, भरल्या ताटलीतल्या पाण्यासारखा. कधीपासून? मला माहीत नव्हतं. गेल्या वर्षीपासून मी सुईत दोरा ओवायला ह्यांना देत होते आणि दोष दोऱ्याला देत होते. चहा बशीत सांडायचा तो कपाचा दोष. माझ्या वडिलांचे हात उतारवयात असेच हलायचे. मी तेव्हा बँकेत नवी, ठसक्यात. त्यांना म्हणायचे, अप्पा, कप नीट धरा की. ते दोन्ही हातांनी धरायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. बँकेत तर मी म्हाताऱ्यांच्या स्लिपा परत करायचे, सही जुळत नाही म्हणून, आणि वर सुनवायचे की आजोबा, घाई नाही, सावकाश करा. त्या स्टुलावर मला ती बाई भेटली असती तर मी तिचे कान उपटले असते.

आणि मग अंघोळ डोळ्यांसमोर आली. तेलाने निसरडं बाळ, ऊन पाणी आणि हा हात.

मी कुणाला सांगितलं नाही. मुलाने फोटोंचं खापर बटणावर फोडलं होतं, मला पळवाट आयती मिळाली होती. बटण चालू केलं आणि पुढचे दोन महिने माझे फोटो असे निघाले की मुलगा ऑफिसात दाखवायचा. कात्रजच्या सर्पोद्यानातल्या नागाचे डोळे, पर्वतीवरचे धापा टाकणारे आजोबा, सगळं रेखीव. प्रत्येक वेळी बटण अर्धं दाबलं की आतून ती गुणगुण यायची आणि समोरचं जग थांबायचं. डोळ्यावरून कॅमेरा काढला की हात तसाच. सगळे म्हणायचे, काय हात बसलाय तुमचा. मी विनयाने मान हलवायचे.

दिवस भरत आले तसा मी सराव करायचं ठरवलं. मंडईतून एक गुळगुळीत, बाळाच्या वजनाचा दुधी भोपळा आणला. हे फिरायला गेल्यावर न्हाणीघरात पाटावर बसले, पाय पसरले, दुध्याला खोबरेल चोळून नडग्यांवर ठेवला. डाव्या हाताने धरला, उजव्याने तांब्या. पहिला तांब्या बरा गेला. दुसऱ्याला हात थरथरला, धार दुध्याऐवजी माझ्या डाव्या हातावर आली, चटका बसला, मी हात काढला आणि दुधी सुळकन घसरून फरशीवर आपटला. देठाकडून फुटला. त्याच्या बिया मोरीकडे वाहत जाताना मी बघत राहिले.  तो भोपळा आहे हे मला ठाऊक होतं आणि तरी मी त्याला उचलून छातीशी धरलं.

हे छत्री विसरली म्हणून परत आले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी आत डोकावून मला, दुध्याला आणि तेलाच्या वाटीला पाहिलं.

“आज भाजी इथेच चिरणार का?” त्यांनी विचारलं. मग माझा चेहरा पाहून छत्री ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शेजारी ओल्यात बसले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मुलांना सांगावं लागेल. मी म्हणाले, सांगितलं तर बाळ माझ्या हातात देणार नाहीत. ते म्हणाले, आता हे बघितल्यावर मी तरी तुझ्या हातात दुधी देईन का.

तिसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हवेत बोट धरायला लावलं, कागदावर गोगलगाईसारखी गोल गोल रेघ काढायला लावली. ती रेघ बघून मीच शरमले. त्यांनी सांगितलं की मला वाटतो तो भयंकर आजार, कंपवात, हा नाही. घराण्यातून येणारा साधा कंप आहे, जगेन तितका राहील, वाढेल थोडाफार. वडिलांना होता का, हेही त्यांनी विचारलं. मी होय म्हणाले.

तिथून तशीच वारज्याला गेले. सून सोफ्यावर पाय वर करून बसली होती, मुलगा तिच्या पायांना तेल लावत होता. मी बसलेसुद्धा नाही.

“अंघोळीच्या बाईंना बोलवा. माझा हात थरथरतो. फोटो बटणामुळे नाही बिघडले,” मी म्हणाले.

मुलाचा हात तिच्या पायावर तसाच थांबला. सून एरवी आमच्यासारखंच बोलायची, पण मन हललं की तिचं नागपूर बाहेर यायचं.

“काहून लपवलं, आई?” तिने विचारलं. “त्या दिवशी मी बघितलं ना. झोपाळा, मी, भिंत, सगळं एकाच दिशेने हललेलं होतं, प्रत्येक फोटोत तेवढंच. भिंत काही हलत नाही, म्हणजे हातच हलत होता. मी वाट बघत होते तुम्ही सांगाल म्हणून.”

आता धक्का मलाच बसला. ही मुलगी दोन महिने सगळं पोटात ठेवून, बाळासकट, माझ्यासमोर फोटोंचं कौतुक करत होती.

“पाय थरथरतात का?” तिने पुढे विचारलं.

“नाही.”

“मग बाई कशाला? पाय तुमचे. धरायचं ते माझी आई येईपर्यंत बाबा धरतील. पाणी हा घालेल.”

हा म्हणजे माझा मुलगा. ज्याने लग्नापर्यंत स्वतःची बादली कधी भरली नव्हती. त्याचा चेहरा सुनेच्या डोहाळजेवणातल्या फोटोंसारखा झाला, दोन नाकांचा. आणि बाबा म्हणजे आमचे हे, ज्यांनी पोटच्या पोराला तो सहा महिन्यांचा होईपर्यंत हात लावला नव्हता, मान लचकेल म्हणून.

नात झाली. दहाव्या दिवशी पहिली तेल-अंघोळ. न्हाणीघरात मी पाय पसरून पाटावर, माझ्या नडग्यांवर ती, लालबुंद, मुठी आवळून. माझ्या डाव्या बाजूला हे, धोतराच्या काठासारखे ओठ घट्ट मिटून, तिला दोन्ही हातांनी धरलेले. मुलगा तांब्या घेऊन वाकलेला. पाणी मी आधी कोपराने पाहिलं, मग त्याला पाहायला लावलं, मग ह्यांनीही पाहिलं. तीन कोपरं बुडेपर्यंत पाणी निवत आलं. सून दारातून ओरडली की अजून अर्ध्या तासाने सुरू करणार असाल तर सांगा, मी झोपते.

मुलाने धार धरली. त्याचा हात भीतीने असा हलत होता की निम्मं पाणी माझ्या पदरावर.

“अरे, कानात नको. पाठीवर घाल,” मी म्हणाले, आणि माझे दोन्ही रिकामे हात मांडीखाली दाबून धरले.

पण नात पालथी पडल्या पडल्या चाचपडत होती. तिने मूठ उघडली. मी उजवा हात सोडवून एक बोट तिच्यापुढे धरलं, थरथरतं, आणि तिने ते असं पकडलं की अंघोळ संपेपर्यंत सोडवता आलं नाही.