बिनइंजिनाचं इमान आणि मगदूम मॅडम

विमानांच्या हँगरात काम करणाऱ्याच्या हाताला ग्रीस चिकटतं, तसेच किस्सेही चिकटतात. ग्रीस निदान साबणानं जातं!

मी कोल्हापुरातल्या एका ग्लायडर क्लबात टेक्निशियन आहे. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. "इंजिनच न्हाय, मग दुरुस्त काय करतोस रं?" असं पै-पाहुणे विचारतात. त्यांना मी सरळ मगदूम मॅडमकडे पाठवतो. त्या आमच्या लायसन्सवाल्या इंजिनियर. त्यांनी तपासून सही केल्याशिवाय ग्लायडरचं चाक हलत नाही.

*

बापू आमचे विंचवाले. विंचच्या लांब दोरानं ग्लायडर खेचून वर चढवायचं, हे त्यांचं काम. एकदा दुरुस्तीनंतर हत्यारं मोजली, तर दहा नंबरचा पाना गायब! मॅडमनी उड्डाणं बंद केली.

"एका पान्यापायी दिस घालवायचा व्हय?" बापू वैतागले.

दोन तासांनी पाना सापडला. सीटखाली, कंट्रोलच्या दांडीला खेटून. हवेत दांडी अडकली असती तर?

दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगानं काढलेली. आणि शेवटी बापूंच्या चहाच्या कपाची!

"कप जाग्यावर न्हाय दिसला, तरी उडायचं न्हाय!" बापूंनी बजावलं.

*

सरकारी तपासणी होती. इन्स्पेक्टर साहेबांनी लॉगबुक उघडलं. मी पानभर 'ओके, ओके' लिहिलेलं.

"ओके म्हणजे काय?"

"म्हंजे बरं हाय, साहेब."

"मी तब्येत विचारली नाही. काय बघितलं, काय केलं, ते लिहा."

मग काय, लिहिलं की! पुढच्या खेपेला साहेब मोठ्यानं वाचू लागले, "उजव्या पंखावर मुंग्या दिसल्या. हाकलल्या. परत आल्या. परत हाकलल्या."

साहेबांनी चष्मा काढला. "परत का आल्या?"

बघितलं, तर पंखाखालचं पाणी निचरायचं भोक मातीनं बुजलेलं. आत ओल धरलेली!

साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी मुंग्यांची पण सही घ्या."

*

आमचे एक हौशी पायलट पेशानं डॉक्टर. रविवारी जोतिबाच्या बाजूनं झकास वारा सुटलेला आणि मॅडमनी ग्लायडरला 'उडायचं नाही'चा लाल टॅग बांधलेला. पंखावर केसाएवढी चीर.

"एवढीशी तर आहे, मॅडम!"

"डॉक्टर, पेशंटला एवढीशी गाठ असली तर तुम्ही काय सांगता?"

"तपासून घ्या म्हणतो."

मॅडमनी रुपयाच्या नाण्यानं पंखावर टिचकी मारत कान लावला. टण, टण, टण... आणि चिरेपाशी थप्प! आतला जोड सुटलेला होता.

डॉक्टर घरी गेले. पुढच्या रविवारी येताना स्टेथोस्कोप घेऊन आले!

*

मॅडमचे वडील आप्पा. शिरोळकडचे शेतकरी, ऐंशीच्या घरातले. "पोरीच्या जातीनं इमानाला पाना लावायचा?" म्हणून त्यांनी एके काळी घर डोक्यावर घेतलेलं. इतक्या वर्षांत हँगरची पायरी चढले नव्हते. परवा न कळवता आले. बैल विकत घ्यायला आल्यासारखी ग्लायडरभोवती फेरी मारली. शेपूट हलवून बघितलं, पंख दाबून बघितला.

"मी बसतो ह्यात," म्हणत त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. "पर ह्यो कागुद कसला?"

"आजच्या तपासणीचा," मी म्हणालो.

"सही कुनाची हाय?"

मी बोट ठेवलं. आप्पांनी नाव एकेक अक्षर लावत वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. कागद मला परत दिला आणि थेट आत जाऊन बसले.

मॅडम पट्टा लावायला कॉकपिटवर वाकल्या. आप्पांनी पट्टा बाजूला सारला.

"पोरीची सही हाय न्हवं? मग पट्टा कशाला?"

मॅडमनी पट्टा ओढून घट्ट केला.

"आप्पा, सही माझी हाय, म्हणूनच पट्टा लावायचा!"