पेजेवर उभी असलेली बाई

कोणी 'रेस्ट इन पीस' लिहू नका. माझ्या बहिणीनं जिवंतपणी कधी रेस्ट केली नाही, आता काय करणार!

आज नंदाताईची तेरवी. पाहुणे गेले. मी सकाळपासून घरात येरझारा घालून राह्यलो.

कारण तिची शेवटची बाई माझ्या हॉलमध्ये उभी आहे.

ताई कापडाची शिल्पं करायची. जुनी लुगडी, राइस मिलमधला फाटका बारदाना, सगळं हातानं शिवून माणसाएवढ्या बाया.

लोक विचारत, "आत काय आहे? लोखंड?"

काही नाही. भाताच्या पेजेत कापड भिजवायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. पापडासारखं कडक झालं की बाई आपल्या पायावर उभी.

हे आमच्या धानाच्या मुलखातल्या, मध्य प्रदेशच्या बालाघाटच्या माणसालेच सुचणार. पण पेज पावसाळ्यात ओल धरते, हे तिच्या ध्यानातच नाही आलं.

भोपाळले पहिलं मोठं एक्झिबिशन, तेही ऐन श्रावणात. सगळे जमले आणि पुतळ्याचे गुडघे वाकले. बाई हळूहळू खालीच बसली!

मी शरमेनं पाणी पाणी, तिले उचलायले धावलो.

ताई मात्र टाळ्या पिटून हसली. "बसू दे ना बापा तिले! काहून उचलून राह्यला?"

तेव्हापासून तेच तिचं काम झालं. उभ्या करायच्या आणि बसू द्यायच्या.

स्वतः मात्र नाही बसली कधी. चहासुद्धा उभ्यानं.

ही शेवटची बाई आईच्या लुगड्यांची आहे. आमची आई सगळ्यांले वाढता वाढता चुलीजवळ उभ्यानंच जेवायची. दवाखान्यातून घरी आल्यावर ताईनं सुजलेल्या हातांनी ही पुरी केली.

"दिनू, हिले टेका देऊ नोको. कबूल?"

"हौ."

हौ म्हणायले काय जाते!

परवा गॅलरीवाल्याचा फोन. "भैया, रेज़िन लगवा दो, हमेशा खड़ी रहेगी।"

खरं सांगतो, मले तेच पाह्यजे होतं. ही उभी आहे तोवर ताईचे हात घरात आहेत, असं वाटते. पावसाच्या ओलीनं गुडघे वाकायले लागले तसा मी पुढं टेबल फॅन लावला. काल बगलेत बांबू दिला.

आज पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, ताईले काय कबूल केलं होतं तुम्ही?"

मी तिच्यावर खेकसलो. "तुले काय समजते त्यातलं!"

ती नुसती बांबूकडं पाहात राह्यली.

मंग मी फॅन बंद केला. बांबू काढला.

हे लिहून राह्यलो तोवर बाई खाली बसली. पदर मांडीवर आला.

आईले निवांत बसलेलं मी आज पहिल्यांदा पाह्यलं.

रेझिन नाही लावणार, ताई.

तूही बस आता.