म्हशीचं अंडं

शहाद्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली. फुईने, म्हणजे माझ्या आत्याने, खिडकीतून फराळाची पिशवी आत ढकलली आणि बजावलं, "तठे कोनी बोलनं ते हुंकारा देत जाय. नही ते समोरनाले वाटस, तू झोपी गयी." मी डी.एड.ला निघाले होते. रडू येऊ नये म्हणून मी शेजारच्या बाईवर डोळा ठेवून बसले, ती माझी बॅग पळवेल म्हणून. बिचारी धुळ्यालाच उतरली.

संशयाने पुण्यात चांगलंच बाळसं धरलं. सोसायटीचा वॉचमन, दूधवाला, शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर, माझ्या तावडीतून कुणी सुटत नाही. पण कळसाडीकरांनो, आणि माझ्यासारखंच गाव सोडलेल्यांनो, आपल्या घरातल्या माणसावर घेतलेला संशय मला महागात पडला. आरोप सगळ्यांसमोर केला होता, म्हणून हेही सगळ्यांसमोर लिहिते.

झालं असं, की माझ्या लेकीने शाळेतून गोष्टीचं पुस्तक आणलं. एक कोल्हा मोलगीच्या बाजाराला निघतो. मी दचकलेच. ही तर फुईची गोष्ट! आत नुसतं 'खानदेशातील लोककथा' एवढंच छापलेलं, सांगणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मधल्या पानावर भलीमोठी म्हैस, आणि तिने घातलेलं पांढरंशुभ्र अंडं.

चुलतभाऊ रमण नाशिकला छापखान्यात आहे. फुईच्या मांडीवर तोही वाढलेला. झालं, मला चोर सापडला. फॅमिली ग्रुपवर पानाचा फोटो टाकला आणि लिहिलं, 'घरची गोष्ट विकताना लाज नाही वाटली?' रमण ग्रुपमधून बाहेर पडला. दिवाळीला गावीही आला नाही. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

शेवटी फुईला फोन करून सगळं वाचून दाखवलं. अंड्यापाशी ती हसत सुटली.

"म्हस कधी अंडं देस का, येडी?"

फुईची पद्धत तुम्हाला आठवत असेल. हुंकारा मंदावला की ती गोष्टीत एक थाप घुसवायची. जे पोर थापेलाही 'हूं' म्हणेल ते झोपलं, गोष्ट बंद. पण प्रत्येकाची थाप वेगळी होती, हे मला तेव्हा कळलं.

"रमणले मी गाढवना शिंगं सांगू," ती म्हणाली. "अंडं तुन्हं शे. तू हूं करं अन् झोपी गयी. रोज."

मला माझी वही आठवली. डी.एड.च्या पहिल्या वर्षी बाईंनी गावाकडची एकेक लोककथा लिहून मागितली होती. मी ती वही सुवाच्य अक्षरात भरून दिली होती, म्हशीच्या अंड्यासकट. पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं, म्हणून शेवट मनाने लावला होता. पुस्तकातला शेवटही तोच. वही कुणाकुणाच्या हातून गेली, देव जाणे. घरातून बाहेर नेली मीच.

एवढी वर्षं मी गाव म्हणून जे जपलं, त्यातलं निम्मं असंच झोपेत हो म्हटलेलं असणार, याची मला आता भीती वाटते. मला चूक दाखवणारी माणसं तिकडेच आहेत. आणि एक नाशिकला.

काल रमणला हे सगळं लिहून पाठवलं, माफी मागितली. तासाभराने त्याचं एकच अक्षर आलं.

'हूं.'

मी पुढे लिहायला घेतलं.