नाना हो म्हणाले होते

हे आजवर कोणाच्या कानावर गेलेलं नाही. सख्ख्या बहिणीच्या नाही, नवऱ्याच्या तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्यांसमोर माझी जीभ रेटत नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. जळगावात मेहरूणच्या बाजूला आमची नृत्यसंस्था आहे. कंटेम्पररी डान्स — म्हणजे नेमकं काय करता गं, असं माझी सासू अजून विचारते. पूर्वी ते डाळीचं गोदाम होतं, पत्र्याचं. आत लाकडी फ्लोअर टाकून आम्ही त्याचा हॉल केला. संस्था निखिलदादाची. नाच तो बसवतो. बाकी सगळं, म्हणजे तालमी घेणं, पोरींच्या घरच्यांशी बोलणं, कोणाचा पाय मुरगळला तर दवाखाना गाठणं, हे माझ्याकडे. आणि मी स्वतः नाचायचे. चांगली नाचायचे. हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही.

आमचा एक नाच होता, कापूस वेचणाऱ्या बायकांवरचा. त्यात शेवटची आठ मिनिटं स्टेजवर एकटीच बाई. ती आठ मिनिटं सहा वर्षं माझी होती. मग मनीषा आली. शिरपूरकडच्या खेड्यातली, एकवीस वर्षांची, बाप कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर. मी आजारी पडले तर कोणी तरी हवं, म्हणून ती आठ मिनिटं मीच तिला शिकवली — हात कुठे, श्वास कुठे, नजर कधी खाली. सगळं. एकदा तिने ती दादासमोर करून दाखवली. दादा खुर्चीवरून उठला आणि पाणी प्यायला गेला. त्या माणसाला मी इतकी वर्षं ओळखते, मला तेव्हाच कळलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी बेल्जियमचं बोलावणं आलं. सहा आठवडे, वेगवेगळ्या गावांत प्रयोग, आणि आठच जण जाऊ शकणार. दादा म्हणाला, मनीषाला नेऊ, तू इथलं सांभाळ. वर असंही म्हणाला की तुझ्या गुडघ्यालाही जरा आराम. आराम! मी पस्तिशीची होते हो, सत्तरीची नव्हते. पण मी हसले. छानच की, म्हणाले.

आता एक नियम होता आमच्याकडे. पोरगी बाहेरगावी न्यायची तर घरून लेखी संमती हवी. दादाचाच नियम, पण ते कागद गोळा करायचे मी.

एप्रिलमध्ये दादा व्हिसाच्या कामाला मुंबईत होता आणि भर दुपारी नाना आले. मनीषाचे वडील. चोपड्यामार्गे एसटीने आले होते, शर्ट पाठीला चिकटलेला. असली गोष्ट फोनवर सांगायची नसते म्हणाले, तोंडावर सांगायची. पाणी प्यायले, खिशातून कागद काढला. स्वतःच्या अक्षरात दोन्ही बाजूंनी लिहिलेला. त्यांच्या भावाने बोलणं टाकलं होतं, सगळं गाव नावं ठेवत होतं, मनीषाची आई रडत होती, सगळं त्यांनी मला सांगितलं. आणि मग म्हणाले, "मॅडम, बठ्ठा गाव बोलस, बोलू द्या. तिना नाच माले समजत नही. पण ती नाचस तवय तिना तोंडवर जे दिखस ना, ते मी घरमा कधीच देखं नही. लई जा तिले."

त्या माणसाला हे बोलायला किती कष्ट पडले, ते मी समोर बसून पाहत होते. आणि माझ्या पोटात काय होतं सांगू? राग. हा माणूस 'नाही' का म्हणत नाही — याचा राग! सगळ्या पोरींचे बाप नाही म्हणतात, मेला हाच कसा हो म्हणतो?

नाना गेले. मी कागद पुन्हा एकदा वाचला. मग फाडला.

दादाला फोनवर सांगितलं, नाना येऊन गेले, घरचे सोडायला तयार नाहीत. आवाज जरा जड केला. वर सांगितलं की पोरीला काही विचारू नकोस, तिला फार लाज वाटतेय. दादाने एवढंच विचारलं, "नक्की का?" मी म्हटलं, नक्की. संपलं. एका मिनिटात पटलं त्याला! शिरपूरकडचा बाप, वजनकाट्यावरचा, तो नाही म्हणणारच — शहाण्यासुरत्या माणसालासुद्धा यात शंका घ्यावीशी वाटली नाही. ते पटणार हे मला ठाऊक होतं.

आणि मनीषाला मी म्हटलं, दादाने विचार बदलला. तुझं अजून कच्चं आहे म्हणतो.

ती रडली नाही. कुठे चुकतंय, एवढंच विचारलं तिने. मी सांगितलं बरं का — शेवटच्या वळणात वजन मागे जातं म्हणून. खोटं. ते वळण ती माझ्यापेक्षा चांगलं करायची.

दादासमोर मान वर करून बोलायची तिची पद्धत नव्हती. दादा परत आल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवून 'असू दे' म्हणाला. तो बापाबद्दल म्हणत होता आणि तिला वाटलं आपल्या नाचाबद्दल. मी तिथेच उभी होते. बाकीच्या पोरींनाही मीच सांगितलं होतं, तिच्यापुढे घरचा विषय काढू नका, आणि त्या बिचाऱ्या खरंच जपून वागल्या तिच्याशी. मनीषाच्या मापाचा पोशाख आमच्या कपडेपटाच्या शकुअक्काने उसवून माझ्या मापाचा केला. कमरेत दोन इंच. मी बेल्जियमला गेले, नाचले, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला मजा आली. खरं सांगतेय, खूप मजा आली.

दिवाळीनंतर मनीषाने संस्था सोडली. आता धुळ्याला असते, शाळांच्या गॅदरिंगचे नाच बसवते. स्वतः नाचत नाही असं ऐकलंय.

इथेच थांबलं असतं तर एक वेळ गिळलं असतं मी. पण दादाला भाषणांची बोलावणी येऊ लागली. प्रत्येक भाषणात तो ही गोष्ट सांगतो. एक अशी मुलगी होती, आयुष्यात पुन्हा पाहिली नाही अशी, आणि बापाने पाठवली नाही. बापाची अब्रू जाऊ नये म्हणून गाव बदलतो, पिंपळनेरकडची म्हणतो. लोक चुकचुकतात. मी बाजूला लॅपटॉपवर फोटो बदलत असते, आणि दर वेळी वाटतं, आता उठावं, आता बोलावं. कधी उठले का? नाही.

गेल्या महिन्यात धुळ्यात एका कॉलेजात भाषण होतं. संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत माझ्याकडे आले. नाना. लेकीकडे राहायला आले होते, दारावरचा बोर्ड वाचून आत बसले. मनीषा नव्हती आली. दादाने त्यांना कधी पाहिलेलंच नव्हतं, तो शेजारून निघून गेला.

नानांचे डोळे भरले होते. "मॅडम, कोन व्हता हो तो बाप? पोरना जलम वाया लावा त्यानी. तुम्ही ओयखतस का त्याले?"

मी म्हटलं, नाही.

"मनी पोर कमी पडनी, ते जाऊ द्या," ते म्हणाले. "पण मी ते हो म्हनेल व्हतं ना, मॅडम? तुम्हले म्हाईत शे."

हो नाना, म्हटलं मी, तुम्ही हो म्हणाला होतात.

त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी मला हात जोडले, आणि मीही जोडले.