कलाबाईची कळशी

तिसगावच्या कचरू टेलरला स्वतःच्या हुशारीचा भारी अभिमान. १९९४ साली नगरच्या एका साप्ताहिकानं वाचकांच्या छापून आलेल्या प्रत्येक पत्राला स्टीलची वाटी आणि महिन्यातल्या उत्तम पत्राला कळशी द्यायला सुरुवात केली. शहाणपणाची पत्रं केराच्या टोपलीत जातात आणि भांडणाची लगेच छापून येतात, हे कचरूनं महिन्याभरात हेरलं.

मग गडी स्वतःशीच भांडायला लागला. एका आठवड्याला बायकोच्या, कलाबाईच्या नावानं लिहायचं, "पाणी काय बायांनीच भरायचं? पुरुषांचे हात मोडलेत का?" पुढच्या आठवड्याला स्वतःच्या नावानं तिला झाडायचं. अशा अकरा वाट्या घरात आल्या. कलाबाईला वाचता येत नव्हतं, त्यामुळं घोर नव्हता.

शेवटी कळशीही आली, पण कलाबाईच्या पत्राला. वर तिचं नाव कोरलेलं. ते वाचून घ्यायला ती शेजारच्या मास्तरीणबाईंकडं गेली, तर बाईंनी कौतुकानं जुने अंक काढून तिची सगळी पत्रंच वाचून दाखवली.

घरी येऊन तिनं कळशी शिलाई मशीनवर आदळली. "मी लई खरं लिवलंय. आता उठा, पानी आना."

"अगं, ते तर मीच..." म्हणत कचरूनं जीभ चावली. खरं बोलावं, तर अकरा वाट्या परत जायच्या.

नळावर बायांच्या रांगेत कळशी घेऊन उभा राहिल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. लोक बायकोशी भांडून हरतात. हा एकटाच भांडला आणि तरी हरला.