गोदावरीच्या तोंडचा गाळ

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. नांदेडहून धर्माबादला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता, खिडकीशी आई होती. माझ्या चपलेला शेतातला चिखल लागला होता. काही न विचारता वाकून त्यानं तो नखानं खरवडला आणि डोळे मिटून पुढच्या दातांनी हळूहळू चावला.

"ही माती मी चाखलेली हाय," तो म्हणाला.

गोदावरी समुद्राला मिळते तिथं, भर पाण्यात उभ्या केलेल्या बोअरच्या मशीनवर तो कामाला होता; खालून निघालेली माती दातांखाली धरून पारखायची त्याला सवय होती. नदीनं लाखो वर्षं नेलेला गाळ तिथं थरावर थर बसलाय, त्याच्या वजनानं तळ खचतोय आणि खचलेल्या जागेत नवा गाळ बसतोय, हे सांगताना तो एक तळहात दुसऱ्यावर दाबत राहिला.

आईनं बाहेर बघतच विचारलं, "माणसं बी जातेत का तिथवर?"

माझा धाकटा भाऊ गोदावरीच्या पुरात वाहून गेला होता. प्रेत मिळालं नाही म्हणून आईनं त्याचे दिवस कधी घालू दिले नव्हते.

त्या माणसानं तोंडातली माती रुमालात काढली आणि त्या मातीकडे बघत राहिला.

"नदी सगळं तिकडंच नेती, माय."

"लई अंधार असंल."

"अंधार हाय. पर गार न्हाई. जितकं खाली जावं तितकी माती गरम लागती."

आई पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली.

"बरं हाय मग," ती म्हणाली. "त्याला थंडी सोसत नव्हती."